किरकोळ दुखापत लिहिली आणि मग फ्रॅक्चर निघालं: अपघाताची पोलीस नोंद कशी होते आणि कशी बदलते

तुम्ही मांडलेली हकीकत आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही पुढचं कशाबद्दल आहे ते कळेल. वडील दुचाकीवर होते. चौक ओलांडल्यावर मागून आलेल्या पिकअपचा धक्का लागून ते पडले. पिकअपवाला थांबला, त्यानेच दवाखान्यात नेलं, ड्रेसिंगचे पैसे भरले, मोबाइल नंबर दिला आणि गेला. दवाखान्याने कळवलं म्हणून हवालदार आले. वडिलांनी ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असा जबाब दिला आणि किरकोळ दुखापत म्हणून स्टेशन डायरीला, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद झाली. सहाव्या दिवशीही गुडघ्याची सूज उतरेना म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन केला, तर नडगीच्या हाडाचं वरचं टोक मोडलेलं निघालं. प्लेट घालावी लागली. आता तीन आठवडे उलटून गेलेत, पिकअपवाला फोन उचलत नाही आणि ठाण्यात सांगतात, ‘किरकोळची नोंद झालीय, आता गुन्हा कसा घेणार?’ तुमचे प्रश्न तीन: पोलिसांनी मुद्दाम किरकोळ लिहिलं का, ही नोंद बदलता येते का, आणि सरकारी आकडेवारीत हा अपघात नक्की कुठे जाणार.

मी पोलीस खात्यात होतो. नोकरीचा बराच काळ महामार्गालगतच्या ठाण्यांत तपासी अंमलदार म्हणून गेला. निवृत्तीनंतर अपघात दाव्यांच्या फायली वकिलांना वाचून देतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहून झाल्यात. मी सांगतोय ते महाराष्ट्रातल्या पद्धतीला धरून आहे. कायदा देशभर एकच असला तरी ठाण्यातली वहिवाट राज्यागणिक बदलते.

मुद्दाम लिहिलं का, याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असं आहे. त्या दिवशी हवालदारासमोर काय होतं ते बघा. खाटेवर बसलेला, नीट बोलणारा माणूस, हातापायाला खरचटलेलं, डॉक्टर म्हणतात ड्रेसिंग करून सोडतो, आणि जखमी स्वतःच म्हणतोय तक्रार नाही. एवढ्यावर ‘गंभीर’ कोणीच लिहिणार नाही. पहिल्या तासातली नोंद त्या तासाला जे दिसलं आणि जे कागद हाती होते त्यांच्यावर होते. पुढे नवीन कागद आला की वर्ग बदलतो. तो कागद ठाण्यात पोचवायचा कोणी, इथे गाडी अडते. तुमच्या बाबतीत फ्रॅक्चर सापडलं दुसऱ्या हॉस्पिटलात. तिथून पोलिसांना काहीच गेलं नसेल, तर ठाण्याच्या दृष्टीने वडिलांना आजही फक्त खरचटलेलंच आहे.

आणि खरं सांगू, तुमच्या प्रकरणात मला ‘किरकोळ’ या शब्दाची फारशी काळजी वाटत नाही. तो सुटेल. काळजी दोन ओळींची वाटते. एक, जबाबातली ‘तक्रार नाही’. दुसरी तुम्ही जाता जाता लिहिलीत, की पहिल्या दवाखान्याच्या एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या दुखापतीच्या वैद्यकीय नोंदीच्या, कागदावर ‘दुचाकी घसरून पडल्याने’ असं आहे. विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी त्या ओळीवर बोट ठेवेल. दोन्हींकडे येतोच, पण आधी पोलीस अपघाताची वर्गवारी करतात म्हणजे काय करतात ते बघू.

एकाच अपघाताची नोंद तीन निरनिराळ्या कामांसाठी होते: गुन्हा म्हणून, नुकसानभरपाईसाठी आणि आकडेवारीसाठी. तिन्ही ठिकाणी ‘गंभीर’, ‘मृत्यू’, ‘पळून गेला’ हे शब्द येतात, पण त्यांची मापं एकसारखी नाहीत. लोकांचा आणि कधीकधी पोलिसांचाही बहुतेक गोंधळ इथेच होतो.

आधी गुन्ह्याची बाजू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणे, बेदरकारपणे गाडी चालवून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला तर कलम २८१, म्हणजे जुन्या भारतीय दंडविधानातलं २७९. त्यातून साधी दुखापत झाली तर १२५(अ), गंभीर झाली तर १२५(ब). जुन्या दंडविधानात हे ३३७ आणि ३३८ होते. मृत्यू झाला तर १०६(१), म्हणजे जुनं ३०४-अ, आणि शिक्षा आता पाच वर्षांपर्यंत. मृत्यू घडवून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं जे १०६(२) होतं, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाकं थांबवली होती, ते पोटकलम संहिता लागू झाली तेव्हा बाजूला ठेवलं गेलं.

साधी आणि गंभीर यातला फरक अंमलदाराच्या मनावर नसतो. कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिलेत आणि त्यात हाड किंवा दात मोडणं, निखळणं हे सरळ सरळ आहे. केसाएवढी चीर असली तरी हाड मोडलं म्हणजे मोडलं. शेवटचा प्रकार असा, की जीव धोक्यात आला किंवा माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहिला अथवा रोजचे व्यवहार करू शकला नाही. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. तुमच्या वडिलांचं फ्रॅक्चर आहे, त्यामुळे दिवस मोजायचीही गरज नाही. डॉक्टरने दुखापत प्रमाणपत्रात ‘गंभीर’ लिहिलं की कलम ठरलं.

मग नोंद बदलते कशी? गुन्हा आधीच दाखल असेल तर सोपं आहे. प्रमाणपत्र आल्यावर तपासी अंमलदार १२५(ब) वाढवतो आणि तसा अहवाल न्यायालयाला पाठवतो. ठाण्याच्या भाषेत याला ‘कलमवाढ’ म्हणतात आणि ती अगदी नेहमीची गोष्ट आहे. जखमी दवाखान्यात दगावला तर १०६(१) वाढतं, तेही असंच. तुमचं प्रकरण याच्या एक पायरी मागे आहे. गुन्हाच नाही, नुसती डायरी आहे, त्यामुळे आधी फिर्याद द्यावी लागेल. पण ‘आता गुन्हा कसा घेणार’ हे ठाण्याचं उत्तर टिकणारं नाही. २८१ आणि १२५ दोन्ही दखलपात्र आहेत, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात असे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच स्पष्ट केलंय. डायरीतली जुनी नोंद आड येत नाही. उलट ती तुमच्या कामाची आहे, कारण अपघात त्याच दिवशी पोलिसांना कळला होता हे तिच्यावरून दिसतं.

कोणी ‘एनसी करून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. एनसी अदखलपात्र गुन्ह्याची असते. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हाड मोडल्याची फिर्याद त्यात बसत नाही. नुसत्या गाड्या घासल्या, कोणाला लागलं नाही, तेव्हाची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक ठाणी डायरीवर थांबतात. आगळीक म्हणजे जाणूनबुजून नुकसान करण्याचं कलम लावायला हेतू लागतो आणि अपघातात हेतू नसतो. माणसांच्या जिवाला धोका होता असं दिसलं तर २८१ तिथेही लागू शकतं, पण ते परिस्थितीवर आणि खरं सांगायचं तर दोन्ही गाडीमालकांची तडजोड रस्त्यातच होते की नाही यावर अवलंबून असतं.

आता ‘तक्रार नाही’ या ओळीकडे. असे जबाब मी ढिगाने पाहिलेत. माणूस घाबरलेला असतो, धडक देणारा शेजारी उभा राहून ‘काका, सगळा खर्च मी करतो’ म्हणत असतो, आणि आपल्याकडे भल्या माणसाला कोर्टकचेरी नको असते. पण हा जबाब काही हक्कसोड नाही. फ्रॅक्चर आहे हेच त्या दिवशी माहीत नव्हतं, तर त्याबद्दलची तक्रार सोडून कशी देणार? वडिलांचा नवा जबाब नोंदवायला सांगा आणि त्यात चार गोष्टी सरळ येऊ द्या: त्या दिवशी दुखापत किरकोळ वाटली होती, चालकाने खर्चाचा शब्द दिला होता, फ्रॅक्चर अमुक तारखेला कळलं, शस्त्रक्रिया अमुक तारखेला झाली. फिर्यादीला उशीर का झाला याचं उत्तरही यातच आलं. केवळ फिर्याद उशिरा दिली म्हणून मोटार अपघाताचा दावा फेटाळू नये, घरच्यांचं पहिलं लक्ष उपचारांकडे असतं, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निकालात घेतली आहे. उशिराचं कारण न लिहिणं मात्र महागात पडतं.

‘घसरून पडल्याने’ ही ओळ जास्त नाजूक आहे. एमएलसी लिहिताना डॉक्टर ‘कसं लागलं’ हे सोबत आलेल्या माणसाला विचारतात. तुमच्या वडिलांसोबत कोण होतं? पिकअपवाला. तो ‘मी ठोकलं’ असं सांगेल का? त्यामुळे ती ओळ कोणी सांगितली हे शोधणं हे पहिलं काम. एमएलसीच्या नोंदवहीत ‘माहिती देणारा’ म्हणून त्याचं नाव किंवा नंबर असेल, तर वाईट दिसणारी ओळ तुमच्या बाजूची होते, कारण तो माणूस तिथे होता हे त्यातून ठरतं. कागदाची प्रत मागा, पण डॉक्टरला खाडाखोड करायला सांगू नका. खाडाखोड केलेला वैद्यकीय कागद मूळ चुकीच्या ओळीपेक्षा घातक ठरतो. त्याऐवजी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडून लेखी घ्या, की हे फ्रॅक्चर अमुक तारखेच्या अपघातातलं असू शकतं आणि सुरुवातीच्या तपासणीत ते निसटू शकतं. गुडघ्याजवळची फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाहीत. तुमच्या वडिलांचा तर एक्स-रेही झाला नव्हता असं दिसतंय.

ते पिकअपमध्येच दवाखान्यात गेले, हे दाखवणारं जे मिळेल ते गोळा करा. ड्रेसिंगचे पैसे चालकाने यूपीआयने भरले असतील तर त्या व्यवहाराची नोंद दवाखान्याकडे असेल. फोनवर बोलणं झालं असेल तर कॉलची यादी. दवाखान्याच्या दारातला कॅमेरा असेल तर विचारून बघा, पण चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, तेव्हा आशा बेताचीच ठेवा. आणि तुमच्याकडे सगळ्यात मोलाची वस्तू आहे ती तिथल्या एका बघ्याने काढलेला फोटो, ज्यात नंबरप्लेट दिसते. त्याचं नाव साक्षीदार म्हणून देण्याआधी त्याला विचारा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी नाव सांगायची किंवा साक्ष द्यायची सक्ती करू नये, असं संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने आणि त्याखालच्या नियमांनी दिलंय. बहुतेक लोक हे कळल्यावर स्वतःहून तयार होतात.

फिर्याद घेऊन जाताना लेखी अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का घ्या. नाकारलं तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर वरच्या अधिकाऱ्यांना, तोच अर्ज टपालाने पाठवता येतो. पोलीस तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) त्यासाठीच आहे, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांचा दरवाजा आहे. माझा अनुभव असा, की शिक्क्याची प्रत हातात असली की पुढच्या पायऱ्यांची वेळ सहसा येत नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

इथपर्यंतचं थोडक्यात: डायरी म्हणजे शेवट नाही, फ्रॅक्चर म्हणजे १२५(ब), ‘तक्रार नाही’ला नव्या जबाबाने उत्तर द्यायचं आणि ‘घसरून पडले’ला, ते सांगितलं कोणी या प्रश्नाने.

आता नुकसानभरपाईची बाजू. लोक एफआयआरवरच थांबतात, पण पैशाच्या दृष्टीने ही बाजू जास्त महत्त्वाची. १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत अपघाताच्या तपासाची ठरावीक पद्धत आणि ठरावीक नमुने आले. अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत तपासी अंमलदाराने नमुना १, म्हणजे प्रथम अपघात अहवाल, दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा. दहा दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांचं पत्रक द्यायचं. चालकाने आणि मालकाने आपापले नमुने ३० दिवसांत भरून द्यायचे. ५० दिवसांत अंतरिम अहवाल, ६० दिवसांत जखमीचा नमुना, आणि ९० दिवसांत नमुना ७, तपशीलवार अपघात अहवाल, ज्याला सगळे ‘डीएआर’ म्हणतात. त्याला घटनास्थळाचा नकाशा आणि वाहनाचा तांत्रिक तपासणी अहवाल जोडलेला असतो. न्यायाधिकरण हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरू शकतं.

कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात मुदती किती पाळल्या जातात हे ठाण्यावर आणि तिथल्या मनुष्यबळावर अवलंबून असतं. एका अंमलदाराकडे चोरी, मारामारी, बंदोबस्त आणि वर हे सगळे नमुने. म्हणून त्याची वाट बघत बसू नका. जखमीचा नमुना स्वतः मागून घ्या आणि उत्पन्नाचा पुरावा, बिलं, डिस्चार्ज कार्ड जोडून द्या. कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. तुमचे तीन आठवडे गेलेत, तेव्हा डीएआर येईल न येईल, वकिलाला आत्ताच गाठा.

वाहनाच्या तपासणीचंही असंच. मोटार वाहन निरीक्षकाने पिकअप पाहून कुठे घासलंय, ब्रेक कसे आहेत, रंगाचे ओरखडे जुळतात का हे लिहायचं असतं. तीन आठवड्यांत गाडीचं डेंटिंग झालेलं असू शकतं. पण तुमच्या दुचाकीला हात लावू नका. तिची दुरुस्ती झाली नसेल तर मागच्या बाजूचा धक्का अजून दिसेल, आणि घसरून पडलेल्या गाडीचे ओरखडे निराळे असतात. घसरलेल्या गाडीच्या हँडलचं टोक, पायदान, सायलेन्सर एका बाजूने घासतात. मागचा मडगार्ड आत दबलेला असेल तर तो घसरल्याने दबत नाही. पंचनाम्यात हे नमूद करून घ्या. नंबरवरून पिकअपचा विमा कोणाकडे आहे आणि अपघाताच्या दिवशी चालू होता का, ते परिवहन खात्याच्या पोर्टलवर कळतं.

आणखी एक धोका. कोणीतरी तुम्हाला सुचवेल, ‘अज्ञात वाहन लिहू, म्हणजे सरकारी योजनेतून लवकर पैसे मिळतील.’ नका ऐकू. बोलीभाषेत आणि आकडेवारीत ‘हिट अँड रन’ म्हणजे ठोकून पळून गेला. भरपाईच्या कायद्यात, कलम १६१ मध्ये, त्याचा अर्थ अरुंद आहे: प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटली नाही, ते. त्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. ती निराधार झालेल्यांसाठी आहे आणि गरजेची आहे, पण वाहन माहीत असताना त्यात जाणं म्हणजे मोठा दावा सोडून देणं, शिवाय खोटी माहिती दिल्याचं लचांड. अज्ञात वाहनाच्या गुन्ह्यात शेवटी बहुधा ‘अ समरी’ होते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा अहवाल देऊन तपास बंद. तुमचा माणूस सापडलेला आहे, तो फक्त फोन उचलत नाही.

‘समरी’वरून एक सांगून ठेवतो, तुमच्याशी थेट संबंध नाही पण हा प्रश्न मला फार लोक विचारतात. एकटाच माणूस गाडी चालवत दुभाजकावर आदळून गेला, तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं आणि नंतर कित्येकदा त्या मयतावरच गुन्हा दाखल होतो: स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत. घरच्यांना ती क्रूर थट्टा वाटते. त्यामागचा हिशेब रुक्ष आहे. निष्काळजी वाहन चालवणं दखलपात्र आहे, चालक तोच होता, आणि आरोपीच हयात नाही म्हणून प्रकरण ‘अबेट’ होऊन बंद होतं. त्या एफआयआरमुळे मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा हक्क आपोआप जात नाही. तो पॉलिसी आणि परवान्यावर ठरतो. पण घाईघाईने लिहिलेले ‘भरधाव वेगात’ हे दोन शब्द त्या घराला बरीच वर्षं पुरतात.

यावरून अपघाताच्या कारणाकडे येऊ. हा रकाना मला सगळ्यात कमी भरवशाचा वाटतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात ७१.२ टक्के मृत्यूंचं कारण ‘अतिवेग’ आहे. वेग मारतो यात शंका नाही. पण घटनास्थळी वेग मोजला कोणी? पूर्वी ब्रेकचे काळे पट्टे मोजून अंदाज बांधता यायचा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाड्या ते पट्टे फारसे सोडत नाहीत. कॅमेरा किंवा जीपीएस असेल तर ठीक, नाहीतर वेग हा साक्षीदाराच्या तोंडचा ‘भरधाव’ असतो. गुन्हा नोंदवायचा म्हणजे कोणाचा तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि चालकाचा निष्काळजीपणा एका शब्दात सांगायचा तर ‘अतिवेग’. खड्डा, न रंगवलेला गतिरोधक, चौकातला बंद दिवा यांना आरोपी करणं अवघड, म्हणून ते त्या रकान्यात येत नाहीत. रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल ठेकेदार आणि यंत्रणेला जबाबदार धरणारं १९८-अ हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने आलंय, पण ते लावायचं तर पंचनाम्यातच खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली हवी. ‘रस्ता डांबरी व सुस्थितीत’ हे वाक्य पंचनाम्यात सवयीने पडतं. तुमच्या पंचनाम्यात ते चुकीचं असेल तर सही करण्यापूर्वी पंचांना बोलू द्या.

दुसरी एक सवय अशी, की दोन वाहनांत जे मोठं त्याच्यावर गुन्हा. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. तुमच्या बाबतीत ही सवय तुमच्याच बाजूने जाईल, पण तिच्यावर विसंबू नका. धडक मागून होती हे खुणांवरून दाखवा. वडिलांनी हेल्मेट घातलं होतं का हेही नमुन्यात विचारतात. नसेल तर ‘नव्हतं’ लिहा. मोडलाय गुडघा, डोकं नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आकडेवारीचा. अपघाताची माहिती पोलीस ‘ई-डार’ या प्रणालीत भरतात. तिचं आधीचं रूप ‘आयआरएडी’. सुरुवातीला ज्या सहा राज्यांत ते चालवून पाहिलं त्यात महाराष्ट्र होता. पोलिसांसोबत आरटीओ, रस्ते विभाग आणि आरोग्य विभाग यांनीही त्यात आपापला भाग भरायचा असतो. आकडेवारीत अपघाताचे वर्ग मुख्यतः चार: प्राणांतिक, गंभीर दुखापतीचा, किरकोळ दुखापतीचा आणि दुखापत नसलेला. किरकोळमध्ये दवाखान्यात दाखल झालेले आणि न झालेले असा आणखी एक भेद असतो. अपघात मोजताना त्यातला सगळ्यात वाईट परिणाम धरतात. एक गेला आणि पाच जखमी झाले तरी तो एकच प्राणांतिक अपघात. म्हणून २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात, त्यातले १,५५,७८१ प्राणांतिक, पण मृत्यू १,६८,४९१.

मृत्यूचं मापही इथे वेगळं आहे. अपघातापासून ३० दिवसांत मृत्यू झाला तरच तो आकडेवारीत प्राणांतिक धरतात, आणि ही व्याख्या जगभर रूढ आहे. गुन्ह्याच्या कायद्यात अशी मर्यादा नाही. चाळिसाव्या दिवशी त्याच जखमेने माणूस गेला तर १०६(१) लागेल, पण आकडेवारीत तो जखमीच राहील. दवाखान्यातून मृत्यूची खबर ठाण्याला आली आणि ई-डारमध्ये कोणी दुरुस्त केलं नाही, तर तीस दिवसांच्या आतला मृत्यूसुद्धा निसटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःचा वेगळा अहवाल काढतो आणि त्याचे आकडे मंत्रालयाशी जुळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात तर भारताने २०१६ साठी कळवलेले मृत्यू सुमारे दीड लाख आणि संघटनेचा स्वतःचा अंदाज सुमारे तीन लाख होता. अंदाजाची पद्धत वादाची असू शकते, पण नोंदीला गळती आहे हे ठाण्यात बसलेला कोणीही सांगेल, आणि दुखापतींच्या बाबतीत ती मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त आहे. मृत्यू लपत नाही. मोडलेला गुडघा डायरीत लपतो.

म्हणजे तुमच्या वडिलांचा अपघात आज नुसता डायरीत असेल तर तो बहुधा कुठेच मोजलेला नाही. गुन्हा दाखल होऊन १२५(ब) लागलं आणि ई-डारमध्ये नोंद झाली की तो ‘गंभीर दुखापतीचा अपघात’ म्हणून धरला जाईल. याचा उपयोग आकड्यापुरताच नाही. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’ धरतात आणि तिथे सुधारणा करणं रस्ते यंत्रणेला भाग पडतं. किरकोळ म्हणून लिहिलेला अपघात या मोजणीत येत नाही. त्या चौकात याआधीही लोक पडलेत असं तुम्ही लिहिलंय. त्यातले किती जण ‘तक्रार नाही’ म्हणून घरी गेले असतील?

या मोजणीत जागा अचूक लागते. ई-डारची नोंद घटनास्थळी मोबाइलवर भरायची असते, कारण अक्षांश-रेखांश तिथलेच यायला हवेत. नंतर ठाण्यात बसून भरली आणि जागा नकाशावर नीट सरकवली नाही, तर अपघात ठाण्याच्या दारात झाल्यासारखा दिसतो. तुमची नोंद उशिरा होणार, म्हणजे ती ठाण्यातच भरली जाण्याची शक्यता जास्त. तेव्हा अर्जात ‘चौकाजवळ’ एवढंच लिहू नका. चौकापासून कोणत्या दिशेला अंदाजे किती मीटर, रस्त्याची कोणती बाजू, जवळचा किलोमीटर दगड आणि असेल तर विजेच्या खांबाचा क्रमांक लिहा, आणि अंमलदार माहिती भरत असताना नकाशावरचा बिंदू त्याच जागी पडतोय का ते शेजारी उभं राहून बघा.